आकाशातून पडलेला, म्हणे

३ मार्च, शनिवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

दादा,

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून मी एका पाटीवरचा पांढरा रंग वाळायची वाट बघतोय. वाळेपर्यंत तिला हात लावायचा नाही, म्हणून हात रिकामे आहेत, म्हणून हे पत्र. तुझा पत्ता आत्यानं दिला. तिचं नाव सांगणार नाही असं तिला कबूल केलं होतं, पण लपवून लिहिणं मला जमत नाही.

फाडण्याआधी एवढं वाच. कोणी आजारी नाही, आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे, आणि मला तुझ्याकडून काही नको. हे पत्र दगडाबद्दल आहे. हो, त्याच.

मी इथे पाट्या रंगवतो. काचेच्या कपाटात वस्तू, तिच्यापुढे काळी पाटी, पाटीवर इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं माझी. आठवीत शाळा सुटली तरी स्पेलिंग माझं कधी चुकलं नाही, हे तुला माहीत आहे. अर्थ मात्र कळायचाच असं नाही. गवंडी भिंत बांधतो, घरात कोण राहणार हे तो विचारत नाही, तसं माझं चालायचं.

मग एकदा मी एका पेल्याच्या पाटीवरून एक शब्द गाळला. मजकूर होता, हा पेला बहुधा राजाच्या वापरातला असावा. ओळीत बसेना म्हणून मी ‘प्रॉबेबली’ काढून टाकला. दगडांचा विभाग बघणाऱ्या बाई तिथून चालल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांना सगळे दगडबाई म्हणतात, आणि त्या स्वतःही फोनवर “दगडबाई बोलतेय” असंच म्हणतात.

“इथला एक शब्द कुठे गेला रे?”

“जागा पुरत नव्हती, बाई. एवढासा तर शब्द.”

“मग राजाला काढायचास. त्या शब्दाला का काढलंस?”

दादा, त्या दिवशी त्यांनी मला भिंतीशी नेलं. तिथे एक पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर हे शब्द एकाखाली एक. मी ते शंभरदा रंगवले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. सगळ्यात वर ‘प्रिझ्युमेबली’: पाहिलं नाही, पण पैज लावीन. मग ‘प्रॉबेबली’: पैज लावीन, पण छोटी. ‘अपॅरंटली’: दिसतं तरी असं, आत काय असेल ते देव जाणे. ‘पॉसिबली’: नाही म्हणवत नाही, एवढंच. ‘रिपोर्टेडली’: मला कोणीतरी सांगितलं. ‘सपोझेडली’: सांगितलं खरं, पण माझी एक भुवई वर आहे. ‘अलेजेडली’ तळाला, त्याला कोर्टाचा वास येतो, तो आमच्याकडे चालत नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ एकटंच ही सगळी कामं करतं, घरच्या मोठ्या सुनेसारखं. इथे प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलाय. किती माणसांनी किती वर्षं विचार केला असेल, की ‘मला पुरतं माहीत नाही’ हे किती तऱ्हांनी प्रामाणिकपणे म्हणता येईल! मी थक्क झालो. अजून आहे.

आणि इथला एक नियम सांगतो. पाटीवर असा शब्द असेल तर ज्याची शंका, त्यानं पाटीच्या मागे सही करायची. शब्द नसेल तर दोघांनी करायची. शंकेला एक सही, खात्रीला दोन.

आता मुद्दा. आकाशातल्या दगडांची नवी खोली होतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरी एक आहे, म्हणे. दगडबाई म्हणाल्या, आण. बाबांना विचारायला मला आठवडा लागला. ते किल्लीवर कानस फिरवत होते. म्हणाले, “ने. पण पाटीवर लिहायचं की मी पडताना पाहिला. मधे तुझा तो म्हणे-बिणे घातलास, तर त्याच दिवशी दगड उचलून घरी आणायचा. एका पोरानं मला पाहुण्यांसमोर थापाड्या म्हटलं. दुसऱ्याच्या हातानं काचेत लिहून घ्यायला मी मोकळा नाही.”

आई म्हणाली, “आकाशातून आलाय म्हणे! सहा वर्षांत दार सोडून वीतभर सरकला नाही.” तू गेल्यापासून तो तिनं दाराला अडण म्हणून लावलाय. बाबा तेव्हापासून तो ओलांडून जातात.

रंग वाळला. थांबतो.

तुझा,
बारक्या

११ मार्च. दुपारी सव्वातीन. जेवणाचा डबा उघडाच आहे.

दादा,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितोय, कारण पोटात मावत नाहीये.

काल दगडबाईंनी दगडाचा कोपरा कापला. करवतीवर सारखं पाणी सोडत होत्या, लाल गढूळ पाणी वाहत होतं. मला वाटलं दगडाला लागलं. मग कापलेली बाजू घासून घासून त्यांनी काचेसारखी केली, भिंगाखाली धरली, आणि बघून झाल्यावर उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला हातानंच खूण केली, की बस, बघ.

आत करडं होतं, आणि त्या करड्यात लोखंडाचे चांदीसारखे ठिपके. आणि दाणे, दादा. मोहरीहून लहान, गोल गोल दाणे, एकमेकांना खेटून. मी विचारलं, हे काय?

“थेंब आहेत.”

“कशाचे?”

“दगडाचे. वितळलेला दगड पोकळीत तरंगत होता, तिथेच थिजला. साडेचार अब्ज वर्षं झाली. पृथ्वी व्हायची होती अजून.”

“कुठे थिजले मग?”

त्या वळल्या. “तेव्हा ‘कुठे’ म्हणायलाही जागा झाली नव्हती रे.”

मी पुन्हा डोळा लावला. ज्याला आई रोज सकाळी पायानं सरकवते, ज्याची ठेच लागून माझं नख गेलं, त्याच्या आत पृथ्वीच्या आधीचा पाऊस होता. मला श्वास घ्यायची भीती वाटली, भिंगावर वाफ धरेल म्हणून. मी विचारलं, “बाई, पाटीवर यातला कोणता शब्द? प्रिझ्युमेबली?”

“कोणताच नाही. हा आकाशातला आहे. संपलं.”

त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. दोन सह्यांची खात्री.

तुझ्या कॉलेजातले सर म्हणाले होते, हा भट्टीतला मळ. तू ते घरी येऊन पाहुण्यांसमोर सांगितलंस. बाबा आयुष्यभर लोखंडात हात घालत आले, भट्टीतला मळ त्यांना ओळखू येत नाही? दगडबाई म्हणतात, वरून दोन्ही सारखे काळे, दोघांना चुंबक चिकटतो, चांगले चांगले चुकतात. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायला लिहितोय.

मला दम निघाला नाही. पाटीवरचे दोन भाग मी त्याच दुपारी रंगवले. आकाशातून आलेला दगड. पूर्वेच्या उतारावर पडताना एका मुलानं पाहिला. मधे काही नाही, कसलाही शब्द नाही. आणि संध्याकाळी बाबांना घेऊन आलो.

पाटी टेबलावर आडवी होती. मी ती मराठीत वाचून दाखवली. त्यांनी बोट अक्षरांवरून नेलं, रंगाला न लावता, वीतभर वरून. ते तू ऐकलेलंच पुन्हा सांगू लागले: दिवेलागणीची वेळ, शेरडं परतत होती, आणि आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड सरकला, शेरडांच्या सावल्या फिरल्या, आणि बऱ्याच वेळानं गडगडलं. सकाळी ते एकटे उतारावर गेले आणि काटेरी झुडपाशी हा काळा धोंडा मिळाला. मी हे हजारदा ऐकलंय. काल पहिल्यांदा मला त्या सावल्या फिरताना दिसल्या.

“मधे काही लपवलेलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

त्यांनी बोट पुन्हा पहिल्या अक्षरापाशी आणलं. मग म्हणाले, “कळव त्याला.”

“कोणाला?”

“पोस्टमनला! कोणाला म्हणजे काय?”

सहा वर्षांत पहिल्यांदा, दादा. म्हणून कळवतोय. ते खरं बोलत होते. खरंच. अगदी खरंच. आता तरी ये. खरंच ये.

तुझा,
बारक्या

३० मार्च. सकाळी साडेआठ. हात धुऊन बसलोय, तरी कागदाला डाग पडतोय.

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. “खरंच हा शब्द तू तीनदा लिहिलास, जे खरं असतं त्याला तो एकदाही लागत नाही.” मी रागानं कार्ड उलटं ठेवलं. पाठीमागे तुझा पूर्ण पत्ता होता, पिनकोडसकट, तुझ्या हातचा. मग सुलटं केलं.

तू बरोबर होतास. निदान त्या शब्दाबाबत.

दगडबाईंनी एक तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता, दगडाला पृथ्वीवर येऊन किती दिवस झाले ते मोजायला. असं मोजता येतं. आकाशात असताना दगडात काहीतरी साठतं आणि इथे आल्यावर ते हळूहळू विझत जातं. किती विझलं त्यावरून हिशेब. मला हे कळलं तेव्हा पुन्हा तोंड उघडं राहिलं. पण उत्तर ऐकून मिटलं.

हा दगड आला त्याला दोन हजार वर्षं झाली.

मी म्हणालो, “बाई, चूक असेल.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. आकड्याच्या आधी ‘प्रॉबेबली’ होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा मी त्या शब्दाला धरला.

“हे बघा, बहुधाच लिहिलंय. म्हणजे नक्की नाही.”

“नाहीच.”

“म्हणजे यात जागा आहे.”

“आहे ना. दीड हजार असेल, अडीच असेल.” त्यांनी चष्मा काढला. “प्रॉबेबलीत जागा असते, बाळ. पण तुझ्या बाबांना बसायला पुरेल एवढी नाही.”

मी विचारलं, मग बाबांनी काय पाहिलं? त्या म्हणाल्या, जे सांगतात तेच पाहिलं असणार. सावल्या फिरल्या, गडगडाट उशिरा आला, हे कोणी मनानं रचत नाही. पाहिलेला माणूसच तो उशीर सांगतो. उजेड खरा आहे. दगडही खरा आहे. ते दोघे एकमेकांचे नाहीत.

मी बसून राहिलो. दादा, जरा तू पण थांब इथे. एक पोरगा पडलेला तारा शोधायला डोंगरावर जातो, आणि त्याला दुसराच सापडतो. आधीचा. राजे होऊन गेले, गावं बसली आणि उठली, आणि तो त्या झुडपाखाली. असं होऊ शकतं? दगडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “होऊ शकत नाही असंच मी म्हटलं असतं. झालंय म्हणून गप्प आहे.”

पण पाटी. पाटीच्या मागे दोन सह्या हव्यात, आणि आता दगडबाई करणार नाहीत. त्यांनी नवा मजकूर दिला: दात्याच्या सांगण्यानुसार पडताना पाहिलेला. ‘रिपोर्टेडली’. शंकेची सही त्या स्वतः करतील. म्हणजे बाबांची अट मोडली. म्हणजे दगड घरी, दाराशी, आणि तू तिकडे, आणि हे सगळं होतं तसं.

कोणी बघत नसताना जुनीच पाटी काचेत ठेवता येईल. दुसरी सही मी काढू शकतो, माझा हात कोणाचंही अक्षर काढतो. हे मनात येऊन गेलं, म्हणून लिहितो. मग मी त्या पाटीवरचा दुसरा भाग कापूस आणि टर्पेंटाइन घेऊन पुसला. पहिला भाग राहू दिला.

आमच्या खोलीचं उद्घाटन पंधरा दिवसांवर आहे. बाबा रोज विचारतात, बसली का पाटी? मी म्हणतो, रंग ओला आहे. इतका ओला रंग जगात नसतो.

गेल्या पत्रातलं ‘ते खरं बोलत होते’ मी मागे घेतो. त्या जागी काय लिहायचं ते मला समजत नाही. पट्टीवर त्यासाठी शब्द नाही.

बारक्या

७ एप्रिल. संध्याकाळी सहाला पाच कमी. बाबांच्या टपरीतल्या बाकावर.

दादा,

सांगितलं.

ते एका कपाटाची किल्ली घासत होते. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं, नाहीतर मधे अडकलो असतो. त्यांची कानस थांबली नाही. उलट वाढली. किल्लीचे दात गेले, दांडी उरली, तरी ते घासत होते.

“दोन हजार?”

“बहुधा.”

“म्हणजे मी गेलो तेव्हा तो तिथे पडलेलाच होता.”

“हो.”

“आणि माझा?”

मला कळलं नाही. मी म्हणालो, “तुमचा काय?”

“अरे, मी पाहिला तो! उजेड पाहिला, आवाज ऐकला. तो पण कुठेतरी पडलाच असेल ना? तुझी बाई म्हणते ना, उजेड खरा आहे?”

“म्हणतात.”

“मग तो कुठाय?”

त्यांनी कानस खाली ठेवली. दादा, बाबांचा चेहरा तुला आठवतो, कुलूप न उघडल्यासारखा. तो उघडला. मी शपथेवर सांगतो, सत्तरीच्या माणसाचा चेहरा नऊ वर्षांचा झाला. ते हळूच म्हणाले, जणू कोणी ऐकून आधी जाऊन उचलेल, “तिथंच आहे अजून. मी शोधायचंच थांबवलं. पहिला मिळाला आणि घरी आलो.”

मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत. “थोरला म्हणाला होता हा आकाशातला नाही. आकाशातला तर आहेच, पण मी पाहिलेला हा नाही, हे बरोबर निघालं की! रीत चुकली, उत्तर जमलं. शाळेतही त्याचं गणित असंच यायचं.”

मी विचारलं, दगड घरी आणू का? ते म्हणाले, “कशाला? तो काय माझा आहे? त्याला राहू दे तिथे. पण पाटी मी सांगतो ती.”

आज सकाळी ते संग्रहालयात आले, धुतलेला सदरा घालून. दगडबाईंसमोर उभे राहून त्यांनी मजकूर सांगितला. बाईंनी तो इंग्रजीत केला, मी रंगवला. आकाशातून आलेला दगड. बहुधा दोन हजार वर्षांपूर्वी. दुसरा शोधणाऱ्या एका मुलाला सापडला. बहुधा आहे तो वर्षांपुढे. मुलापुढे काही नाही. बाई म्हणाल्या, तिथे कशाची शंका घ्यायची? पाटी उलटी करून त्यांनी आकड्यासाठी एक सही केली, आणि शेवटच्या ओळीखातर दुसरी. मग पेन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी सही करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात दोन किल्ल्या झाल्या असत्या.

मी बाईंना बाजूला विचारलं, साठ वर्षांनी तो दुसरा सापडेल? पॉसिबली? त्या म्हणाल्या, “पट्टीवर त्याच्या खूप खाली.” आणि कपाटातून मोठा चुंबक काढून दिला.

आम्ही तेरा तारखेला निघतोय. उतारावर आता झुडपं फार नाहीत, मी विचारून घेतलंय. मी म्हणालो, मी आहे ना बरोबर. बाबा म्हणाले, “तुझा उपयोग नाही. तू प्रत्येक काळ्या दगडाला हो म्हणशील, मला बरं वाटावं म्हणून. मला नाही म्हणणारा माणूस पाहिजे. तो माझ्याकडे एकच आहे.”

हे त्यांचेच शब्द आहेत. मी एकही घातलेला नाही, एकही गाळलेला नाही.

तिकिटावर नाव लागतं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, तिसरे येणार नक्की ना? मी फक्त तुझं नाव सांगितलं.

खालचा हिशेब आईनं मागितला होता, तुझ्यासाठी उतरवतोय.

तिकिटं तीन, जाऊन येऊन: ३९०
चुंबकाला बांधायची काठी: १५
फुकट गेलेली किल्ली, गिऱ्हाइकाला परत: १२
झाला खर्च: ४१७
आत्याकडून उसने, देणं: २००
बाबांनी तुझ्या तिकिटाचे मला द्यायचे: १३०. आज मागितले, तर म्हणाले, त्याच्यासमोर देतो.